चार खोल्यांच्या होमस्टेची वेबसाइट: सुरुवात वहीपासून

आमचं घर गुहागर तालुक्यात आहे, समुद्रापासून चालत सात मिनिटांवर. माडीवरच्या दोन आणि आगराच्या बाजूच्या दोन, अशा चार खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. स्वयंपाक सासूबाई आणि मी बघतो, गाडी आणि बाजारहाट नवऱ्याकडे, आणि वेबसाइट हे खातं माझ्याकडे. मी काही कॉम्प्युटरवाली नाही. पतपेढीत सतरा वर्षं खतावण्या सांभाळल्या, तेवढाच काय तो कीबोर्डचा सराव. तरी आज चालू आहे ती आमची दुसरी वेबसाइट मी स्वतः उभी केली. पहिली गेली. कशी गेली ते पुढे येईलच.

मी होमस्टेबद्दल लिहीत असले तरी खानावळ, शिवणाचा क्लास, रोपवाटिका, गावचं वाचनालय, ढोलपथक, कुणाचीही पहिली वेबसाइट साधारण ह्याच वाटेनं जाते. खोल्यांच्या जागी तुमची वस्तू घाला आणि पुढे वाचा.

१. महिनाभर फोनवरचे प्रश्न लिहून काढा

कॉम्प्युटर उघडू नका. शंभर पानी वही घ्या, फोनजवळ ठेवा, आणि महिनाभर येणारा प्रत्येक प्रश्न लिहा. तोच प्रश्न पुन्हा आला की पुढे एक रेघ मारा.

मी हे मे महिन्यात केलं. माझी समजूत होती की सगळे दर आधी विचारत असतील. वहीत सगळ्यात जास्त रेघा पडल्या त्या 'गाडी दारापर्यंत येते का?' ह्या प्रश्नापुढे. त्याच्या खालोखाल 'संडास कमोडचा आहे ना?', कारण बरोबर आजी असतात. मग एसी, मग मोबाइलची रेंज कुठल्या कंपनीची येते, मग मासे मिळतील का, आणि लगेच पुढच्या फोनवर 'शाकाहारी भांडी वेगळी असतात ना?'. दर पाचव्या की सहाव्या नंबरावर होते.

आमच्या पहिल्या वेबसाइटवर ह्यातलं एकही उत्तर नव्हतं. तिच्यावर होतं 'निसर्गाच्या कुशीत वसलेले आपुलकीचे घर'. ते आजवर कुणीही फोन करून विचारलेलं नाही.

गाडी आमच्या दारापर्यंत येत नाही. बेड्यापाशी, म्हणजे कुंपणाच्या फाटकापाशी, लावायची आणि अडतीस पायऱ्यांची पाखाडी उतरायची. हे लपवलं की पाहुणा बॅगा आणि गुडघेदुखीवाल्या आईला घेऊन पाखाडीच्या तोंडाशी उभा राहतो आणि आपल्याकडे बघतो. ती नजर मी दोनदा अनुभवली आहे. आता आमच्या पहिल्याच पानावर पाखाडीचा फोटो आहे आणि खाली लिहिलंय: पायऱ्या अडतीस, कठडा डाव्या हाताला, सामान उचलायला आम्ही येतो. ह्यामुळे काही बुकिंगं गेली असतील. जी आली त्यांत पायऱ्यांवरून कुरकुर झाली नाही.

महिन्याअखेर त्या वहीतून जी यादी निघते, तीच तुमची वेबसाइट. बाकी सगळं तिला कपडे घालण्याचं काम.

२. वेबसाइट खरंच हवी का, ते ठरवा

वहीत पाच-सहाच प्रश्न निघाले तर वेबसाइट नका करू. गुगलवर व्यवसायाची नोंद फुकट होते: नकाशावर खूण, फोन, वेळा, फोटो आणि लोकांचे अभिप्राय एवढं त्यात बसतं. जोडीला व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉग करा. चकली-कडबोळीच्या घरगुती धंद्याला एवढं पुष्कळ झालं. आणि वेबसाइट करणार असाल तरीही ही नोंद आधी करून टाका, कारण पडताळणीला वेळ लागतो. हल्ली बऱ्याचदा जागेचा व्हिडिओ मागतात; त्यात पाटी, रस्ता आणि आतली जागा सलग दिसावी लागते. म्हणजे पाटी हवी. आमच्याकडे नव्हती. पुठ्ठ्यावर लिहून चालत नाही, हेही कळलं.

फक्त तेवढ्यावर विसंबू मात्र नका. ह्याच गुगलच्या नोंदीबरोबर पूर्वी एक छोटी फुकट वेबसाइट मिळायची. कितीतरी दुकानांनी तोच पत्ता बिलांवर आणि पाट्यांवर छापला होता. मार्च २०२४ मध्ये गुगलनं त्या वेबसाइट बंद केल्या. दुसऱ्याच्या ओट्यावर मांडलेलं दुकान आहे ते. मांडा जरूर, पण पाटीवर छापायचा पत्ता स्वतःचा असू द्या.

३. नाव ठरवा आणि ते फोनवर सांगून बघा

वेबसाइटच्या पत्त्याला डोमेन म्हणतात. ते विकत मिळत नाही, वर्षाच्या मुदतीनं घ्यावं लागतं आणि दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. एका वेळी अनेक वर्षांचे पैसे भरता येतात.

आपल्या मराठी नावांची खरी अडचण रोमन स्पेलिंगची आहे. 'वाडी' डब्ल्यूनं की व्हीनं? 'आगर'मध्ये ए एक की दोन? 'छाया'त सी-एच-एच? मी पाच नावं काढली आणि तीन जणांना फोनवरून सांगितली: पुण्याची भाची, चिपळूणचा किराणावाला, मुंबईची एक जुनी पाहुणी. 'ऐकलंत तसं टाइप करून पाठवा' म्हटलं. ज्या नावाचं स्पेलिंग तिघांनी सारखं पाठवलं, ते घेतलं. माझं सगळ्यात आवडतं नाव तिघांनी तीन तऱ्हांनी लिहिलं होतं. ते सोडताना जिवावर आलं.

मध्ये आडवी रेघ, आकडे, 'बेस्ट', 'ऑफिशियल' असलं काही घालू नका. डॉट कॉम आणि डॉट इन दोन्ही मोकळे असतील तर दोन्ही घ्या, म्हणजे दुसऱ्यावर भलताच कुणी बसत नाही. डॉट इनचा कारभार निक्सी ही संस्था बघते. त्यासाठी ओळखीची पडताळणी मागितली तर दचकू नका.

देवनागरीतलं डॉट भारतही मिळतं, ऑगस्ट २०१४ पासून. आपलं नाव आपल्या लिपीत बघून बरं वाटतं, मीही घेतलंय. पण एकट्या त्याच्यावर राहू नका. ती लिंक कुठे चिकटवली की कधीकधी तिचं रूपांतर 'एक्सएन' नं सुरू होणाऱ्या अगम्य रोमन अक्षरांत होतं आणि समोरच्याला वाटतं काहीतरी फसवाफसवी आहे.

४. किल्ल्या स्वतःकडे ठेवा

घाई असेल तर बाकीचं चाळा, पण एवढं नीट वाचा.

आमची पहिली वेबसाइट ओळखीतल्या एका मुलानं केली होती. मुलगा सरळ, हुशार, पैसेही बेताचे घेतले. डोमेन त्यानं स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाइलवर घेतलं, कारण ओटीपी यायला तेच सोयीचं होतं. मी 'हो हो' म्हटलं. मग त्याला नोकरी लागली, त्यानं गाव सोडलं, नंबर बदलला, ईमेल उघडायचा बंद केला. नूतनीकरणाची पत्रं त्या बंद डब्यात पडत राहिली. एका दिवाळीत पाहुण्यांचा फोन आला: 'काकू, तुमच्या वेबसाइटवर रमीची जाहिरात येतेय.' आमच्या कार्डांवर, पाटीवर, एसटी स्टँडसमोरच्या फलकावर जो पत्ता छापला होता, तो आता भलत्याच माणसाचा होता. कायदेशीररीत्या घेतलेला. भांडायला जागाच नव्हती.

मुदत संपली म्हणजे डोमेन त्याच दिवशी जातं असं नाही. डॉट कॉमला आधी बहुतेक ठिकाणी थोड्या आठवड्यांची सवलत असते, मग ३० दिवस जबर दंड भरून सोडवता येतं, आणि त्यानंतर ते बाजारात येतं. आम्हाला कळलं तेव्हा ह्या सगळ्या पायऱ्या उलटून गेल्या होत्या.

म्हणून डोमेनचं खातं तुमच्या नावानं, तुमच्या ईमेलवर, तुमच्या मोबाइलवर काढा. मंडळ किंवा बचत गट असेल तर गटाच्या नावाचा स्वतंत्र ईमेल काढा आणि पासवर्ड दोघांकडे असू द्या. सचिव बदलला की खातं हस्तांतराच्या यादीत हेही लिहा, जसं आपण चेकबुक आणि शिक्का लिहितो. पैसे आपोआप भरण्याची सोय चालू ठेवा, पण कार्डाची मुदत संपली की तीही गप्प बसते, म्हणून तारीख वेगळी लिहून ठेवा.

पहिल्या वर्षाचा स्वस्त दर बघून हुरळून जाऊ नका. नूतनीकरणाचा दर काय, ते विचारा. आणि 'तुमचं डोमेन उद्या संपतंय, ह्या लिंकवर पैसे भरा' अशी खोटी पत्रंही येतात. पत्रातल्या लिंकवर न जाता नेहमीच्या खात्यात शिरून तारीख बघा.

५. कागद आणि सामान जमवा

काम सुरू झाल्यावर शोधाशोध नको म्हणून आधीच एका फाइलमध्ये घाला:

- मालकाचं पॅन कार्ड आणि ओळखपत्र. मंडळ असेल तर नोंदणी प्रमाणपत्र आणि ठराव
- धंद्याच्या नावाचं बँक खातं, नसेल तर निदान वेगळं खातं
- उद्यम नोंदणी, केली असल्यास. ही नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. पैसे मागणाऱ्या दिसायला हुबेहूब वेबसाइट खूप आहेत. मी एकीवर जवळजवळ पैसे भरलेच होते
- तुमच्या धंद्याला लागणारे परवाने: आमच्याकडे पर्यटन विभागाची निवास-न्याहारी नोंदणी आणि ग्रामपंचायतीचा दाखला, खाण्याच्या पदार्थांना अन्नसुरक्षेचा चौदा आकडी क्रमांक
- मूळ आकारातले फोटो, पेन ड्राइव्हवर
- वही

६. बांधायची कशात?

तीन वाटा आहेत. गुगल साइट्स फुकट आहे, एका दुपारी जमतं, दिसायला साधं, पण स्वतःचं डोमेन जोडता येतं. दुसरी वाट विक्ससारख्या तयार सेवांची: दिसतं छान, महिन्याचं भाडं, आणि उद्या दुसरीकडे हलायचं म्हटलं तर बरंचसं सामान तिथंच राहतं. तिसरी वाट वर्डप्रेसची. ते २००३ पासून आहे, फुकट आहे, पण ठेवायला जागा, म्हणजे होस्टिंग, आपण भाड्यानं घ्यायचं. शिकायला मला पावसाळा लागला. जून ते सप्टेंबर आमच्या खोल्या रिकाम्याच असतात.

वर्डप्रेस घेणार असाल तर एक गोंधळ आधीच टाळा. वर्डप्रेस डॉट ऑर्गवर ते सॉफ्टवेअर फुकट मिळतं. वर्डप्रेस डॉट कॉम ही त्याच नावाची, भाड्यानं चालणारी सेवा आहे. मी दुसरीकडे खातं काढून पहिल्याची पुस्तिका वाचत बसले होते आणि दोन दिवस पुस्तिकेतलं बटण पडद्यावर शोधत होते.

होस्टिंग घेताना तीन गोष्टी विचारा. सुरक्षेचं प्रमाणपत्र फुकट आहे का? लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या सेवेमुळे ते आता फुकट मिळतं, वेगळे पैसे देऊ नका. ते नसेल तर क्रोम जुलै २०१८ पासून पत्त्याशेजारी 'नॉट सिक्युअर' असं दाखवतो आणि पाहुणा पळतो. रोजची प्रत, म्हणजे बॅकअप, ठेवतात का? आणि मदतीसाठी फोनवर माणूस भेटतो का, की नुसता चॅट? प्लगइन म्हणजे वरून जोडायची यंत्रं. ती मोजकी ठेवा. मी हौसेनं बरीच घातली होती, त्यात एक बर्फ पडताना दाखवायचं होतं. कोकणात.

७. मजकूर लिहा, आणि युनिकोडमध्येच लिहा

आमचं जुनं माहितीपत्रक डीटीपीवाल्याकडे श्रीलिपी ह्या जुन्या फॉन्टांच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेलं. त्याची फाइल घेतली, मजकूर उचलून वेबसाइटवर टाकला, आणि पडद्यावर रोमन अक्षरं, टिंबं आणि कंसांची खिचडी आली. ते जुने फॉन्ट ज्या कॉम्प्युटरवर घातलेले असतात तिथंच मराठी दिसतात. इंटरनेटला युनिकोड, म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरांना कळणारी अक्षरांची पद्धतच लागते. रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार चुकतात, म्हणून ओळ न ओळ तपासा. आमचं पत्रक चारच पानांचं होतं. मी फोनवर बोलून नव्यानं उतरवलं, ते लवकर झालं.

फॉन्टसाठी मुक्ता बघा. मुंबईच्या एक टाइपनं केलेला आहे, फुकट आहे आणि बारीक अक्षरातही स्वच्छ वाचता येतो. वेबसाइटच्या सेटिंगमध्ये भाषा 'मराठी' अशी नोंदवा, हिंदी नको. काही फॉन्टांत त्यावरून ल आणि श मराठी वळणाचे उमटतात. आणि 'पायऱ्या'तला ऱ्या नीट दिसतोय ना ते बघा. तो बिघडला की सगळा मजकूर परक्या माणसानं लिहिल्यासारखा वाटतो.

भाषा दोन ठेवा, मराठी आणि इंग्रजी. पण इंग्रजी मशीनवर सोडू नका. आमच्या जेवणाच्या यादीतल्या कुळथाच्या पिठल्याचं इंग्रजीत 'हॉर्स ग्रॅम' झालं. शब्द चुकीचा नव्हे, कुळथाला इंग्रजीत तेच म्हणतात. पण एका पाहुण्यानं फोनवर अगदी गंभीरपणे विचारलं, तुमच्याकडे घोडेही आहेत का. आता इंग्रजी पानावरही 'कुळीथ पिठलं' हेच नाव रोमनमध्ये आहे आणि पुढे एका ओळीत काय असतं ते.

पानं सहा पुरतात: पहिलं पान, खोल्या, जेवण, कसं यायचं, दर आणि नियम, संपर्क. 'आमच्याविषयी' हे पान मी केलं नाही. सासूबाईंचा घावणे घालतानाचा एक फोटो जेवणाच्या पानावर आहे, त्यात सगळं आलं.

८. फोटो

फोटो फोननं काढले तरी चालतात. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर काढा, आणि खोलीत उंच माणसाच्या डोळ्यांतून न काढता कमरेच्या उंचीवरून काढा. सासूबाई पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, 'अगो, अंगण सारवल्याशिवाय फोटो काढतेस होय?' मला ते पटलं नव्हतं, पण सारवलेल्या अंगणाचा फोटो आणि न सारवलेल्याचा शेजारी शेजारी ठेवून बघितला आणि गप्प बसले.

बाथरूमचा फोटो हवाच. तो नसला की लोक त्याचाच फोन करतात. पलंगाखालच्या बॅगा, दोरीवरचे टॉवेल, भिंतीवरचा पावसाचा डाग हे काढण्याआधी बघा. डाग असेल तर रंग लावा. फोटोत पुसू नका.

फोटो दुसऱ्याला पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला तर दाबला जाऊन धूसर होतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. वेबसाइटवर चढवताना मात्र उलट करायचं: फोनचा फोटो चार-पाच एमबीचा असतो, तो दोन-तीनशे केबीपर्यंत आणा. कारण तुमचा पाहुणा वेबसाइट मुंबईच्या ऑफिसात एकदा बघतो आणि दुसऱ्यांदा कुंभार्ली घाट उतरताना, एका कांडीच्या रेंजवर, पत्ता शोधायला बघतो. ती दुसरी वेळ महत्त्वाची. पान तयार झालं की गावातल्या सगळ्यात वाईट रेंजच्या जागी जाऊन उघडून बघा. आमच्याकडे ती जागा विहिरीपाशी आहे.

गुगलवरून समुद्राचे, सूर्यास्ताचे फोटो उचलू नका. त्यांना मालक असतात. पाहुण्यांचे चेहरे असतील तर विचारून लावा. लहान मुलांचे लावूच नका.

९. 'कसं यायचं' हे पान हातानं लिहा

नकाशा जोडला की काम झालं असं मला वाटलं होतं. मग दापोलीकडून येणारं एक कुटुंब रात्री दाभोळच्या धक्क्यावर जाऊन पोचलं. नकाशानं त्यांना दाभोळ-धोपावे फेरीबोटीनं खाडी ओलांडायचा जवळचा रस्ता दाखवला होता. शेवटची फेरी सुटून गेली होती. मागे फिरून खेड, चिपळूण करत यायचं म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटर. मुलं झोपलेली, गाडीत पेट्रोल कमी. पहाटे आले तेव्हा मी काही बोललेच नाही, नुसता चहा ठेवला.

आता आमच्या पानावर चार दिशा वेगळ्या लिहिल्या आहेत. मुंबईकडून, चिपळूणवरून. कराडकडून, कुंभार्ली घाटातून. दापोलीकडून, फेरीबोटीनं, आणि ठळक अक्षरांत: निघण्याआधी आम्हाला फोन करून शेवटच्या फेरीची वेळ विचारा. गणपतीपुळ्याकडून, जयगड-तवसाळ फेरीनं, तीच सूचना. रेल्वेनं येणाऱ्यांना चिपळूण स्टेशन, आणि तिथून पुढे एसटी. फेऱ्यांचं वेळापत्रक मी छापत नाही, ते बदलतं. जुनं वेळापत्रक हे नसल्यापेक्षा वाईट.

नकाशावरची खूण स्वतः चालत जाऊन तपासा. आमची सहा महिने शेजाऱ्यांच्या गोठ्यावर होती.

१०. दर, चौकशी, पैसे

दर लिहा. 'दरासाठी संपर्क साधा' वाचून बरेच लोक संपर्क न साधता पुढे जातात. हंगामाचे, सुट्ट्यांचे, मुलांचे, जेवणासकट आणि जेवणाशिवाय, सगळे लिहा आणि कधीपासून लागू ते लिहा. रद्द केल्यास किती पैसे परत, तेही.

ऑनलाइन पैसे घेण्याची यंत्रणा, म्हणजे पेमेंट गेटवे, लगेच जोडायची गरज नाही. साधारण दोन टक्के कापतात, वर त्या कापलेल्या रकमेवर १८ टक्के जीएसटी, आणि खातं देण्याआधी वेबसाइटवर अटी, गोपनीयता, परतावा आणि संपर्क ही पानं आहेत का ते बघतात. चार खोल्यांना चौकशीचा फॉर्म आणि व्हॉट्सअ‍ॅपचं बटण पुरतं. बटणाची लिंक 'डब्ल्यूए डॉट मी', मग तिरकी रेघ, मग ९१ आणि तुमचा दहा आकडी नंबर. अधिकाचं चिन्ह नाही, शून्य नाही.

फॉर्मवर मोठ्या अक्षरांत लिहा: फॉर्म भरला म्हणजे बुकिंग झालं असं नाही, आमचा निरोप आल्यावरच झालं. आमचं खरं रजिस्टर स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कालनिर्णय आहे. सुरुवातीला मी फॉर्म भरताच आपोआप 'आपले स्वागत आहे' असं उत्तर जाईल अशी सोय केली होती. एका शनिवारी माडीवरच्या खोलीसाठी दोन कुटुंबं दारात उभी राहिली: एक कालनिर्णयवालं, एक स्वागतवालं. आम्ही तिघं पडवीत झोपलो.

फॉर्मवर नाव, फोन, तारखा, माणसं एवढंच विचारा. आधारचा फोटो मागू नका. वैयक्तिक माहिती सांभाळण्याबद्दल २०२३ चा कायदा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी लोकांची आधार कार्डं आपल्या ईमेलमध्ये पडून राहणं बरं नाही. ओळखपत्र दारात बघावं. परदेशी पाहुणे असतील तर चोवीस तासांत त्यांची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरावी लागते, म्हणून पासपोर्ट आणि व्हिसा बरोबर ठेवा असं इंग्रजी पानावर लिहून टाका.

नंबर वेबसाइटवर आला की एक ठरावीक फोन येतो. पलीकडचा माणूस स्वतःला फौजी म्हणवतो, पाच खोल्या हव्या असतात, आणि अ‍ॅडव्हान्स पाठवतो म्हणून क्यूआर कोड पाठवतो. 'स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील.' पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की जातात ते आपलेच. नवऱ्यानं फोन घेतला होता आणि स्कॅनही केला होता. वाचलो ते फक्त 'आमच्याकडे खोल्याच चार आहेत' हे त्याच्या लक्षात आल्यामुळे.

११. दुसऱ्याकडून करून घेणार असाल तर

हरकत नाही, सगळ्यांना वेळ नसतो. पण कागदावर लिहून घ्या: डोमेन आणि होस्टिंगची खाती माझ्या नावानं; मुख्य पासवर्ड माझ्याकडे; काम झाल्यावर सगळ्याची एक प्रत माझ्या पेन ड्राइव्हवर; दरवर्षीचा खर्च किती आणि तो कशाकशाचा; दर बदलायचे झाले तर ते मी स्वतः बदलू शकेन, आणि ते कसं हे समोर बसून शिकवायचं. पैसे तीन टप्प्यांत द्या, शेवटचा टप्पा पासवर्ड हातात आल्यावर.

'गुगलवर पहिला नंबर लावून देतो' म्हणणाऱ्याला चहा द्या आणि निरोप द्या. पहिला नंबर कुणी हातानं लावू शकत नाही. गुगल सर्च कन्सोल फुकट आहे. त्यात वेबसाइट नोंदवलीत की लोक काय शोधत तुमच्यापर्यंत आले ते दिसतं. आमच्याकडे लोक 'हेदवी बामणघळ जवळ राहण्याची सोय' असलं शोधत येतात, म्हणून दशभुजा गणपती, बामणघळ आणि वेळणेश्वर आमच्यापासून किती लांब हे मी नंतर एका पानावर लिहिलं. बामणघळ भरतीच्या वेळी बघायची असते, तेही लिहिलं.

१२. चालू केल्यावर

पहिल्याच दिवशी स्वतः फॉर्म भरून बघा, आणि दुसऱ्याच्या फोनवरून दुसऱ्या ईमेलनं पुन्हा भरा. माझं हे राहिलं. फॉर्मची पत्रं एकोणीस दिवस स्पॅममध्ये पडत होती आणि मी 'वेबसाइटला प्रतिसाद नाही' म्हणून हिरमुसून बसले होते. होस्टिंगवाल्यांना विचारून फॉर्मची पत्रं आपल्या खऱ्या ईमेल खात्यामार्फत जातील अशी जोडणी करून घ्या.

मग महिन्याच्या एक तारखेला अर्धा तास. वर्डप्रेसचे अपडेट्स, बॅकअपची एक प्रत उतरवून घेणं, फॉर्म एकदा भरून बघणं, दर आणि तारखा. जूनमध्ये पहिल्या पानावर 'पावसाळ्यात बंद, दसऱ्यापासून सुरू' अशी पट्टी चढते. एका वर्षी ती काढायला विसरले आणि दिवाळीच्या आठवड्यात फोन शांत, तेव्हा वाटलं यंदा मंदीच आहे.

डोमेनची तारीख मी मोबाइलमध्ये, ईमेलमध्ये आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर लिहिली आहे. शिवाय डिसेंबरात नवं कालनिर्णय आलं की सासूबाई त्यावर सगळ्यात आधी घरच्या श्राद्धतिथी लिहितात आणि मग मला हाक मारतात: 'अगो, तुझ्या त्या डॉट कॉमची तिथी सांग.'